राणीची मिशी

मी दिग्दर्शक कसा झालो असं कुणी विचारलं की मी खरं तेच सांगतो. मिशीपायी. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टा मी आयुष्यभर केली, पण ही गोष्ट घडलेली आहे.

त्या काळी आम्हांला दिग्दर्शक कुणी म्हणत नसे. तालीम मास्तर म्हणत. साताऱ्याच्या एका संगीत नाटक कंपनीत मी चार वर्षं विंगेत उभं राहून नटांना वाक्यं पुरवली. कंपनी बुडाली तसा कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी परत आलो. घरचं गुऱ्हाळ होतं. वडील म्हणाले, "झाली तेवढी नाटकं बास. आता चुलवाणापुढं बसायचं." मी म्हटलं, जत्रेला एक संगीत नाटक बसवतो. सांगलीच्या एका कंपनीच्या मालकांना तालीम मास्तर हवाय, त्यांना बघायला बोलावतो. वडिलांनी पानाला चुना लावता लावता निकाल दिला. "त्येस्नी पसंत पडलं तर जा सांगलीला. न्हाई पडलं तर पुन्यांदा नाटकाचं नाव काडायचं न्हाई."

झालं. नाटकातली राणी सात पदं म्हणायची, आणि गावात राणी करील असा गडी एकच होता. लढाईआधी तो लुगडं नेसून उभा राहिला की सासवा आपल्या सुनांना म्हणत, बघ, पदर असा घ्यावा. पुढं तो फौजेत गेला. लढाई संपल्यावर परतला तेव्हा गळा तोच होता, पण नाकाखाली लिंबू ठेवावं अशी मिशी आली होती.

आता ही मिशी काढायची कशी? आमच्याकडं बाप जिता असताना पोरगा मिशी उतरवत नाही. बाप गेला की नदीवर न्हावी डोक्याबरोबर मिशीही काढतो. त्यामुळं बोडका ओठ दिसला की घरात सुतक आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि फौजीचा बाप तर ठणठणीत होता, रोज मोट हाकत होता.

बत्तीच्या उजेडात कसंही निभावलं असतं. पण रॉकेल रेशनवर, त्यामुळं नाटक भर दुपारी उन्हात करायचं ठरलेलं. मी त्याची मिशी डिंकानं चापून बसवली आणि वर सफेदा थापला. पहिल्या पदाला घाम फुटला आणि एकेक केस उठून उभा राहिला. मग तोंडावर पदर धरून गायला लावलं, तर राणीची दाढ दुखतेय असं दिसायला लागलं. मी मूळचा तापट माणूस. हातातला टाळ भिरकावला आणि न्हाव्याला बोलावणं धाडलं.

न्हाव्यानं सगळं ऐकून घेतलं आणि धोपटी गुंडाळली. "ह्येचा बा जिता हाय, मास्तर. माज्या हातनं ह्ये पाप व्हायचं न्हाई."

शेवटी फौजीला मीच फूस लावली. म्हटलं, "गड्या, गोळीला भ्याला न्हाईस आणि बाला भितोस?" त्याला ते झोंबलं. त्यानं लढाईवरनं आणलेला सेफ्टी रेझर काढला आणि माझ्या रंगाच्या पेटीतल्या आरशात बघून मिशी साफ केली. ही जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळची गोष्ट.

तोंडाला टॉवेल गुंडाळून घरी जा, असं मी त्याला दहादा बजावलं होतं. पण वेशीत कुणी म्हातारी पाया पडण्याजोगी भेटली आणि त्यानं टॉवेल सोडला. म्हातारीनं ओठ बघितला आणि तिथंच गळा काढला. तो घरी पोचेतो अंगणात बायका जमल्या होत्या, एकजण बांबू आणायला गेला होता, आणि फौजीला कुणी बोलूच देईना. जो तो त्याला पोटाशी धरत होता. तेवढ्यात त्याचा म्हातारा बाप बैल घेऊन मळ्यातनं आला. आपल्याच दारात रडारड बघून घाबरला बिचारा. विचारतो कसा, "कोन गेलं रं?"

पुढचं सांगायला नको. म्हातारा आसूड घेऊन तालमीत आला. "मी मेल्यावर नाचीव त्येला," म्हणाला, आणि संध्याकाळच्या आत पोराला म्हसवडला मामाकडं पोचवून टाकलं. मी मात्र हसत होतो. खोटं कशाला बोलू, गाल दुखेपर्यंत हसलो. मग ध्यानात आलं की उद्या दुपारी सांगलीचे मालक येणार आणि राणीच नाही.

सातही पदं मीच शिकवलेली, त्यामुळं मला पाठ होती. लुगडं तयार होतं. रेझर रंगाच्या पेटीतच राहिला होता. फक्त नाकाखाली माझी स्वतःची मिशी होती, आणि माझे वडील उद्या पहिल्या रांगेत मालकांच्या शेजारी बसायचे होते. त्यांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. काढली.

दुपारी पडदा वर गेला आणि मी गायला लागलो. पहिल्या रांगेकडं बघायचं नाही असं ठरवून गेलो होतो, तरी डोळा गेलाच. वडील मुंडाशाचा शेव चाचपत माझ्याकडं बघत होते. मग मालक वाकून त्यांना काहीतरी बोलले. काय बोलले ते मला पुढं मालकांनीच सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "अहो, गळा छान आहे. पोरगा कुणाचा?"

"माजा," वडील म्हणाले.

मालक गडबडले. राणीचा बोडका ओठ आणि हा शेजारी बसलेला बाप, त्यांना मेळ लागेना. "पण मग याचे वडील कधी..."

"आत्ताच गेलं. पयल्या पदाला."

असं म्हणून ते शेवटच्या पदापर्यंत जागचे हलले नाहीत. लोकांनी दोनदा वन्समोअर घेतला. मालकांनी तिथंच मला सांगलीला यायला सांगितलं. मी तोंड न धुता वडिलांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या ओठावरनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जा. पन आता मिशी ठिवू नगंस. दोनदा मारू नगंस मला."

मी हसलो, तेही हसले. सांगलीत मी नाटकं बसवायला लागलो. लोक समजायचे, मास्तर शौकीन आहेत, रोज गुळगुळीत दाढी करतात. मी वडिलांचा शब्द पाळत होतो.

दोन वर्षांनी तालमीतच निरोप आला. गावी पोचलो तर मंडळी नदीवर खोळंबली होती. तोच न्हावी धोपटी सोडून बसला होता. त्यानं माझं डोकं केलं, वस्तरा ओठापाशी आणला आणि थांबला.

"हितं काय न्हाईच की, मास्तर."

"फिरव," मी म्हटलं.

त्यानं वस्तरा कोरडाच फिरवला. गावातला भिकारीसुद्धा बापापुढं जेवढं ठेवतो, तेवढं माझ्याजवळ नव्हतं. ते मी कधीच उन्हात, टाळ्या घेत, देऊन बसलो होतो. चार माणसांदेखत मी मोठ्यानं रडलो, आणि न्हावी वस्तरा पुसत राहिला.