बहिणींच्या खात्यावर भाऊचा नंबर

ती घटना आठवली की आजही माझ्या मुठी वळतात. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण दरोडेखोर निदान दरोडेखोर म्हणूनच समोर येतो. या प्रकरणातला माणूस उपकारकर्ता म्हणून आला होता.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला औषधांच्या पॅकिंगचा एक कारखाना बंद पडला होता. मालकाने गाशा गुंडाळला, गेटवर एक वॉचमन तेवढा उरला. त्याने एकदा आमच्या बीट हवालदाराला बोलता बोलता सांगितलं, की पॅकिंगच्या बायका अजून येतात, ‘भाऊ आले का’ एवढंच विचारतात आणि रडवेल्या होऊन परत जातात. कारण कोणी सांगत नाही. हवालदाराने ते माझ्या कानावर घातलं. बंद कारखान्याच्या गेटवर माणसं भांडतात, घोषणा देतात. रडून गुपचूप परत जात नाहीत. इथे पाणी मुरतंय हे मला कळलं.

मी एका महिला हवालदाराला साध्या वेशात त्यांच्याकडे पाठवलं. बऱ्याच मनधरणीनंतर वर्तकनगरची एक बाई जबाब द्यायला तयार झाली. नवरा वारलेला, एकुलती मुलगी बारावी झालेली. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी भरायची मुदत तोंडावर आली होती आणि आईची सगळी मदार पीएफवर होती. खुर्चीच्या कडेवर बसून पहिला प्रश्न तिनेच विचारला.

“साहेब, मी पण खोटं लिहून दिलंय. मला पण आत घालणार का?”

तिला चहा दिला, धीर दिला, तेव्हा हकिगत बाहेर आली. तिच्या नोकरीला पाच वर्षं पूर्ण झाली नव्हती. त्याआधी पीएफ काढला तर टॅक्समध्ये मोठी रक्कम जाते, असं कारखान्याच्या सुपरवायझरने सगळ्या बायकांना सांगितलं होतं. त्यालाच त्या भाऊ म्हणत. डोंबिवलीत भाऊच्या ओळखीचा एक एजंट होता. आजारपणामुळे नोकरी सुटली असं दाखवायचं, डॉक्टरचा दाखला तो आणणार, मग टॅक्स शून्य. तिने सांगितलं तिथे सही केली. पैसे मात्र आलेच नाहीत. भाऊ भेटेना आणि एजंट दम देऊ लागला, की ओरडाल तर खोट्या दाखल्यापायी तुम्हीच अडकाल.

एजंटला आम्ही त्याच्या गाळ्यातून उचलला. गडी भलताच तोऱ्यात होता. मोठे लोक सीए ठेवतात, गरिबांचा सीए मी, असं मलाच ऐकवलं त्याने. बँकेकडून माहिती मागवली तर पैसे बाईच्याच पगाराच्या खात्यात जमा झाले होते आणि लगेच मोबाइलवरून दुसरीकडे वळवले गेले होते. एजंट म्हणाला, ओटीपी तिच्याच फोनवर गेला, तिनेच दिला. बाई म्हणत होती, ओटीपी मला आलाच नाही. जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या रायटरला वाटलं, विसरली असेल. मला तसं वाटेना. जी बाई आधी स्वतःचा गुन्हा सांगते, ती मागाहून ओटीपीबद्दल कशाला खोटं बोलेल?

बँकेने खात्याला जोडलेला नंबर कळवला. तो मी तिला वाचून दाखवला, पण तिला ओळखू येईना. म्हटलं, ताई, तुमच्या फोनवरून लावा. तिने एकेक आकडा दाबला आणि स्क्रीनवर नाव आलं, ‘भाऊ’.

तिने फोन माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, “यांना मी राखी बांधते, साहेब.”

कारखान्यात खाती उघडली, आधारला मोबाइल जोडले, तेव्हा बहुतेक बायकांकडे स्वतःचा फोन नव्हता. असला तर नवऱ्याचा, नाहीतर रिचार्ज संपून बंद पडलेला. सुपरवायझर म्हणाला, माझा नंबर टाका, मेसेज आला की मी सांगेन. बायकांना तो देवमाणूस वाटला. राखीपौर्णिमेला त्याचा हात कोपरापर्यंत भरायचा. त्या एका नंबरवर त्याने सगळ्या बहिणींची खाती चालवली.

त्याला कल्याणहून आणला. एजंटला शेजारच्या खोलीत ठेवलं होतं. भाऊ सापडला हे कळताच त्याने स्वतःची कातडी वाचवायला सगळं ओकून टाकलं. भाऊ मात्र शांत होता. “त्या तक्रार करणार नाहीत, साहेब,” तो म्हणाला. “खोटं त्यांनीच लिहून दिलंय.” याच भरवशावर त्याने सगळा डाव मांडला होता. माझा हात कसा आवरला ते माझं मलाच माहीत.

पुढे तपासासाठी मी नौपाड्यातल्या एका जुन्या करसल्लागारांना भेटलो. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, की कारखानाच बंद पडून नोकरी गेली असेल, तर पाच वर्षांच्या आतही पीएफवर आयकर लागत नाही. नियमच तसा आहे. म्हणजे खोट्या दाखल्याची गरजच नव्हती! जो टॅक्स मुळात लागणारच नव्हता, त्याची भीती या हरामखोरांनी विकली होती. बाईला हे मलाच सांगावं लागलं.

“म्हणजे मी उगाचच आजारी पडले?” ती म्हणाली.

गोठवलेल्या खात्यांमधून बरीचशी रक्कम कोर्टाच्या आदेशाने परत मिळाली. पण तोवर मुलीची जागा गेली होती. वर्षभर ती एका दवाखान्यात रुग्णांचे नंबर लावायच्या कामाला बसली आणि पुढच्या साली पुन्हा प्रवेश घेतला. त्या पोरीचं वर्ष कुठल्या कलमाखाली वसूल करायचं, ते मला कोणी सांगितलं नाही.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. जो तुमच्याकडून पहिलं छोटंसं खोटं वदवून घेतो, तो तुमचं तोंड आधी बांधतो आणि खिशात हात नंतर घालतो. तो परका असेलच असं नाही. आता कोणी पीएफचं विचारलं, की मी आधी विचारतो, खात्याला नंबर कोणाचा आहे? उत्तर द्यायला कोणी अडखळलं, की त्याला तिथूनच बँकेत पाठवतो.

त्या बाईला आम्ही आरोपी नाही, साक्षीदार केलं होतं. साक्षीच्या दिवशी ती कोर्टाबाहेर भेटली. मी म्हटलं, फोनमधला भाऊचा नंबर तरी आता पुसून टाका.

“नाही पुसला, साहेब,” ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला. “भाऊ तेवढं काढलं. आता पूर्ण नाव घातलंय, आडनावासकट.”