गोदावरी टीचरचा चुकलेला शब्द

कुंभारीच्या कामगार वसाहतीत गोदावरीबाईंची इंग्रजीची शिकवणी म्हणजे कडक प्रकरण. रोज फळ्यावर शब्दांची एक जोडी यायची आणि प्रत्येकानं आपापल्या घरातलं वाक्य करायचं. गाईडमधलं वाक्य आणलं की पोर वर्गाबाहेर. ट्रीटमेंट आणि क्युअर या जोडीवर तर बाईंचा विशेष कटाक्ष. ट्रीटमेंट म्हणजे उपचार, ते कुणालाही मिळतात. क्युअर म्हणजे दुखणं मुळासकट जाणं. तो शब्द उगाच तोंडातून काढायचा नाही, असं त्या बजावायच्या.

नवरा धोंडीराम आत भाकरी खाता खाता हे ऐकायचा. अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला होता. इंग्रजीचा गंध नाही, पण बायकोचं कौतुक किती! "आमची टीचर शबूद चुकत न्हाय," असं मागावरच्या सोबत्यांना सांगत सुटायचा.

मग खोकला सुरू झाला. सुताच्या धुळीनं फुफ्फुसं पार निकामी केली होती. डॉक्टरांनी बाईंना एकट्यांना आत बोलावलं. "ट्रीटमेंट चालू ठेवू. क्युअर नाही. आणि पुन्हा धुळीत गेले, तर आमचाही इलाज चालणार नाही."

बाहेर बाकड्यावर धोंडीराम वाट बघत होता. "काय म्हनले गं?"

त्यानं आशेनं तोंड वर केलं होतं. "क्युअर होणार म्हणाले," त्या बोलून गेल्या. माया वेडी असते म्हणतात. इथं ती आंधळीही झाली.

दुसऱ्या दिवशी शिकवणी चालू असताना धोंडीरामनं अंगणात सायकल काढली आणि चाकात हवा भरायला बसला.

"कुठं निघालात?"

"कामावर. बरा हुनार म्हनल्यावर घरात बसून काय करू? शेटला सांगून आलोय की."

बाईंनी हातातला खडू टाकला. पोरांसमोर त्या अंगणात आल्या आणि रडत म्हणाल्या, "अहो, मी खोटं बोलले. डॉक्टर क्युअर नाही म्हणाले. नुसती ट्रीटमेंट. धुळीत गेलात तर तीही नाही."

धोंडीरामला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो हसला.

"मला घरात बसवायला काय बी सांगती व्हय? टीचर, तू आन् शबूद चुकनार?"

आणि धाप टाकत तो पुन्हा पंप मारू लागला.