कल्याणीची रांग

शेतातल्या ठिबकचे वॉल्व्ह बिनतारी उघड-बंद करणारे डबे बनवायची आमची जालन्यात छोटी कंपनी. मी भागवत, वावरात जाऊन डबे बसवतो. त्यातल्या रेडिओचा सगळा प्रोग्राम कल्याणीचा. पोरगी गुणाची, पण गुणाला विचारतो कोण? टीमची मुख्य तीच होणार, असं आमचे मालक राधेश्याम शेठ वर्षभर म्हणून राह्यले होते.

वॉल्व्हवरचे डबे बॅटरीवर चालतात, म्हणून बहुतेक वेळ झोपलेले. ते जागे होईस्तोवर निरोप विहिरीवरच्या मोठ्या डब्यात रांगेत थांबतात. कल्याणीनं नियम घातला होता, तीनदा हाक मारूनही वॉल्व्हनं ओ दिली न्हाई तर तो निरोप टाकायचा आन पुढचा घ्यायचा. शेठ भडकले. "गिऱ्हाईकाचा निरोप टाकणारी तू कोण? पोचेस्तोवर पाठवत राहायचं." एक अडला की मागचे सगळे अडतात, हे ती सांगून थकली. मीही बोललो. शेठ म्हणले, "भागवत, तू पाइप पाहा." नियम काढावा लागला.

मंग आमचे गिऱ्हाईक, कुंभार पिंपळगावचे सर्जेराव, त्यांचं झालं. त्यांचं एक वावर रिकामं. वाटूरचा जावई म्हणला, तिथला डबा उगंच पडून हाये, मला द्या. जावयाला न्हाई कोण म्हणतं? फवारणीचा पंप द्यावा तसा डबा देऊन टाकला, आन घरचे सगळे लग्नाला गेले. मोठा डबा रोज प्रत्येक डब्याची खुशाली विचारतो. तो वाटूरला गेलेल्या त्या डब्यालाच हाका मारत बसला. दुसऱ्या वावरातल्या अद्रकीचं पाणी बंद करायचा निरोप त्याच्या मागं अडकला. माणसं परत येईस्तोवर पाणी चालूच. अद्रक सडली.

शेठनं कल्याणीला सर्जेरावांच्या दारात उभं केलं. "हिची चूक," म्हणले. सारी गल्ली पाहून राह्यली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मी तोंड उघडलं, तर तिनंच मान हलवून मला गप्प केलं. घर तिच्या पगारावर चालतं. "चुकलं माझं," म्हणली. माझं तर डोकंच फिरलं.

मुख्य झाला शेठचा पुतण्या अद्वैत. शेठनं त्याला पह्यलंच काम दिलं, अडलेला निरोप सोडून द्यायची सोय कर. तो कल्याणीच्या टेबलापाशी आला. "ताई, हे कसं लिहायचं?"

तिनं खुर्ची सरकवून त्याला जागा दिली आन ओळ न् ओळ सांगितली.