हुतूतूचा दम

मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. त्या पावसाळ्यात मला न्यूमोनिया झाला. जगलो, पण छातीची डावी बाजू जी धरली ती धरलीच. दिवेआगरच्या आमच्या वाडीत शिंपण्याला रहाट होता. रेड्यामागून चार फेऱ्या मारल्या की मला पोफळीला टेकावं लागे. कामाचं मला एवढं वाटलं नाही. काम कुणीही केलं असतं. माझा हुतूतू गेला, ते सोसवेना.

हुतूतूत सगळा खेळ दमाचा. ‘हुतूतू’ म्हणत एका श्वासात पलीकडे शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम तुटण्याआधी रेघेवर परत यायचं. आत असताना दम तुटला की आपणच बाद, मग शिवलेलं कुणी धरत नाही. मी आत शिरलो की लोक पान लावायला घेत आणि ते तोंडात गेलं तरी मी आतच असे, अशी माझी चेष्टा चाले. ती चेष्टा मला फार आवडायची.

आजारानंतर गावात जो तो वैद्य झाला. आई अडुळशाचा काढा पुढे करी, कुणी मध-सुंठ सांगे, कुणी शेकायला सांगे. मी सगळं निमूट करत होतो, कारण नाही म्हणायलाही श्वास लागतो. देवळापाशी मी पोचलो की खेळाच्या गप्पा थांबत आणि एकदम सुपारीच्या भावावर येत. मला दुःख होत होतं, आणि त्या दुःखाचाही कंटाळा आला होता.

शिमग्यात आगरदांड्याचे गडी खाडी ओलांडून खेळायला आले. ओहोटीच्या ओल्या वाळूत रेघा मारल्या. त्यांच्यातला दांडगा गडी म्हणजे खाडीत होडी चालवणारा एक मुसलमान तांडेल. त्याने एका साली माझा घोटा धरून मला आडवा केला होता आणि पुढे वर्षभर होडीत बसेल त्याला ते ऐकवलं होतं. मीही त्याला काही कमी छळलं नव्हतं. आमच्या बाजूचा म्होरक्या माझा चुलतभाऊ. तो म्हणाला, एकदा उतर, मन मोकळं होईल. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी धोतराचा काचा मारला होता.

आत शिरलो. पाच-सहा पावलं गेलो असेन, खोकला आला आणि आवाज बंद पडला. तांडेल हातभर अंतरावर उभा होता. त्याने पंचाला नुसता हात केला असता तरी मी संपलो असतो. तो हलला नाही. कुणीच हलेना. पंच समुद्राकडे बघत राहिला. मी नुसते ओठ हलवत तांडेलाच्या खांद्याला शिवलो आणि चालत, अगदी चालत, रेघेवर परत आलो. आमच्या बाजूने ओरडा झाला. तांडेल मान खाली घालून बाद झालेल्यांच्यात जाऊन बसला.

एक शब्द न बोलता एवढ्या माणसांनी एकमेकांशी ठरवलं होतं. सगळी भली माणसं. मी पंचाकडे गेलो आणि म्हणालो, माझा दम आतच तुटला, मी बाद आहे. चुलतभाऊ माझा हात ओढायला लागला. पंच म्हणाला की त्याला काही ऐकू आलं नाही, वारा होता.

तांडेल वाळू झटकत उठला. चिडला होता. “आमी काय बोललो व्हतो का? तू बी गप ऱ्हायचास.”

“तू मला कधी सोडलं होतंस?” मी विचारलं.

“न्हाय,” तो म्हणाला. “कदी न्हाय.” मग पंचाकडे वळून साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा बोलला, “बाद हाय ह्यो. दम तुटलाय ह्याचा, मी ऐकलाय.”

तो परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि मी बाद झालेल्यांच्यात जाऊन बसलो. आजारात एकदाही रडलो नव्हतो. तिथे सगळ्यांसमोर रडलो, आणि खेळ माझ्यासाठी थांबला नाही.