रेडिओवर आलेलं माझं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा नाही — तिथंही मी भलतंच काहीतरी पुटपुटते आणि उठते. आज तुझ्यापाशी बोलावंसं वाटलं. आजच का? मलाही सांगता यायचं नाही.

खरं तर अर्धी गोष्ट अख्ख्या भूगावाला पाठ आहे. ती मीच सांगत आले, रंगवून, हसून. लपवलीय ती दुसरी अर्धी. आधी सोपी सांगते — मला जरा वेळ दे.

साठ सालाच्या पुढची गोष्ट. मी लग्न होऊन भूगावात आले होते, पदरात एक लेक होती. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पुण्याहून रेडिओ आणला. आमच्या आळीत तो पहिलाच. दुपारची जेवणं उरकली की आळीतल्या बायका आमच्या ओसरीवर यायच्या. कुणी तांदूळ निवडायची, कुणी नुसतीच भिंतीला टेकून डोळे मिटायची. त्या दुपारी मला अर्धवट झोपेतल्यासारख्या आठवतात बघ — बाहेर रखरखीत ऊन, आत शेणानं सारवलेल्या जमिनीचा गारवा, आणि त्या पेटीतून येणारे मऊ मऊ आवाज. नाटकातल्या मोठमोठ्या नटांना बोलावून कुणीतरी विचारायचं — तुम्ही रडता कसे, पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तेव्हा काय वाटलं, घरचे काय म्हणाले. ती माणसं सावकाश सांगायची. वाटायचं, आपल्याशीच बोलतायत.

अशाच एका दुपारी शालनची मुलाखत लागली.

शालन तेव्हा नावाजलेली नटी झाली होती. पुण्या-मुंबईत तिच्या नाटकांना गर्दी लोटायची. तिचा आवाज कानावर आला आणि माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, ‘बाई, तुमचे गुरू कोण?’ ती म्हणाली, ‘माझी गुरू एक पोरगी आहे. मुळशीत भरे म्हणून गाव आहे, तिथली इंदू. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. तिनं एका दुपारी मला अख्खं नाटक वाचून दाखवलं. वाक्य कसं बोलायचं, श्वास कुठं सोडायचा, हे मी तिच्याकडून शिकले. तिचं नाव आजवर कुठं घ्यायला मिळालं नाही, म्हणून आज घेते.’ आणि मग हसून, ‘त्या रात्री नाटकात मात्र मी ऐन वेळी भाषण विसरले. चूक माझी. तिनं वाचून दाखवण्यात कसूर केली नव्हती.’

ओसरी नुसती उसळली. ‘अगं बया, इंदे! तुजं नाव घेतलं की गं तिनं!’ सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. संध्याकाळी ह्यांनी पेढे आणले. आणि मी? मी लाजले. पदर तोंडाला लावून छान लाजले.

तेव्हापासून मी ‘रेडिओवर नाव आलेली’ झाले. गावात बायकांचा वाचायचा वर्ग निघाला, तिथं शिकवायला मलाच बसवलं. सासरे एरवी मुलींच्या शाळेच्या नावानं बोटं मोडायचे, पण माझ्या लेकीला त्यांनी आडकाठी केली नाही — का, तर हिच्या आईच्या वाचण्यानं घराचं नाव झालं. नवी सून गावात आली की तिला माझ्याकडं आणायचे आणि सांगायचे, हिनं त्या नटीला घडवली. मी नाही म्हटलं नाही. एकदाही नाही.

आता दुसरी अर्धी.

भरे हे माझं माहेर. चैत्रात आमच्या देवाची जत्रा, आणि जत्रेत गावकऱ्यांचं नाटक. गावच्या बाईनं नाटकात उभं राहायचं म्हणजे — छे, नावच काढू नकोस! मग नायिका पुण्याहून ठरवून आणायची. ती यायची ऐन नाटकाच्या दिवशी. त्याआधी महिना-दोन महिने तालमी चालायच्या त्या नायिकेविनाच. नायक मोकळ्या जागेकडं बघून प्रेमाचं बोलायचा आणि पोरं फिदीफिदी हसायची.

त्या वर्षी नायक होता माझा थोरला भाऊ, विष्णूदादा. त्याला ते मोकळ्या जागेशी बोलणं जमेना. मग तो घरी, गोठ्यात, माझ्याबरोबर तालीम करायला लागला. मी सातवी झाले होते, वाचायला चांगली. नायिकेचं मी बोलायची. बैलांच्या गळ्यातल्या घंटा अधूनमधून वाजायच्या, कडब्याचा वास, वर कौलाच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप, आणि मी — इंदू कुठं होते मी तेव्हा? मी त्या नाटकातली बाई होते. भांडी घासताना, पाण्याला जाताना माझ्या ओठांवर तिचंच बोलणं असायचं. आई म्हणायची, ‘पोरीला काय भूतबाधा झाली का काय!’

नाटकात शेवटी एक प्रसंग होता. नवरा बायकोवर खोटा आळ घेतो आणि ती घर सोडून जाते. छापील पुस्तकात ती दोनच वाक्यं बोलून जायची. आमच्या शाळेच्या मास्तरांना ते पटलं नाही. तेच नाटक बसवत होते. त्यांनी स्वतः तिच्यासाठी उंबऱ्यातलं मोठं भाषण लिहिलं आणि तो कागद पुस्तकात चिकटवला. काय भाषण होतं! एकदा माझं ऐकून दादाच रडला. म्हणाला, ‘इंदे, तुज्यासारकं त्या पुण्याच्या बाईला न्हाई जमायचं बघ.’

हे वाक्य मी उराशी धरून फिरत होते. सोळा-सतरा वर्षांची पोर मी. मला ठाऊक होतं की हे भाषण मी कधीच कुणापुढं म्हणणार नाही. पण ते माझं होतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी शालन आली. नायकाचं घर म्हणून आमच्याकडंच उतरली. किडकिडीत, डोळ्यांखाली काळं, हातात पत्र्याची ट्रंक. नटी म्हणून मी मनात जे चित्र काढलं होतं त्यातलं काहीच नाही. जेवण झाल्यावर तिनं मला परसात नेलं, फणसाखाली. इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, ‘इंदू, मला अक्षरओळख नाही गं. मी ऐकून पाठ करते. हे नाटक मी दुसऱ्या गावी केलंय, तरी तुमच्या मास्तरांनी काय काय बदललंय ते तू मला वाचून दाखव. पण कुणाला सांगू नकोस हं. कळलं तर मला कुणी बोलावणार नाही.’

मी शपथ घेतली. आणि वाचायला लागले.

ती दुपार अजून डोळ्यांपुढं आहे. वारा नव्हता. फणसाची सावली आमच्या अंगावर सांडलेली, लांब देवळाकडं कुणीतरी ढोल चढवून बघत होतं. मी एक पान वाचायची, ती डोळे मिटून ऐकायची, आणि मग म्हणायची — जशीच्या तशी. पण नुसती वाक्यं नाही गं. माझं बोलणं! मी जिथं थांबत होते तिथं ती थांबत होती. माझा हुंदका, माझं ते शब्द सोडून देणं, सगळं तिच्या गळ्यातून येत होतं, आणि — खरं सांगते — माझ्यापेक्षा गोड येत होतं. डोळे उघडून म्हणाली, ‘तू म्हणतेस तसंच म्हणणार मी. किती छान म्हणतेस गं!’

तिनं कौतुक केलं, आणि मला ते सोसलं नाही. दोन महिने मी जे जपलं ते तिनं एका दुपारात उचललं. रात्री माझ्याच लकबीवर लोक टाळ्या वाजवणार, आणि मी बायकांत बसून बघणार? दादा तिच्याकडं बघून रडणार?

शेवटचा प्रसंग आला. ती दोन छापील वाक्यं मी वाचली. खाली मास्तरांचा कागद चिकटवलेला होता, निळ्या शाईतला. मला तो दिसत होता. तिलाही दिसत होता — पण तिला तो काय सांगणार?

तिनं विचारलं, ‘मग मी निघून जाते. एवढंच ना? पुस्तकातल्यासारखं?’

मी म्हणाले, ‘एवढंच.’

तिनं त्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. ‘आणि हे काय लिहिलंय?’

‘ते मास्तरांनी सामानाचं टिपलंय,’ मी म्हणाले. ‘पडदा, कंदील, असलं.’

बघ, किती सहज आलं तोंडातून. एकदा नाही, दोनदा खोटं बोलले. चुकून गाळलं असतं तर गोष्ट वेगळी. मी ठरवून केलं.

रात्री नाटक रंगलं. शालन बोलायला लागली की माणसं चिडीचूप. मग तो प्रसंग आला. ती दोन वाक्यं बोलली, वळली आणि आत गेली. दादा हात पुढं करून उभाच. तिच्या भाषणानंतर त्यानं ‘थांब’ म्हणायचं, पण भाषणच नाही! आतून प्रॉम्प्टर ओरडला, कुणीतरी तिला ढकलून बाहेर पाठवलं. ती परत आली. प्रॉम्प्टर एकेक तुकडा सांगायचा आणि ती म्हणायची, आणि त्या तुकड्यातुकड्यांवर लोक हसायचे. शिट्ट्या सुरू झाल्या. ‘पाठवा माघारी!’ कुणी ढेकूळ मारलं, ते तिच्या खांद्याला लागलं. तशाही स्थितीत तिनं बायकांकडं नजर फिरवली. मला शोधलं. मी सापडले तिला. मी मान खाली घातली.

नंतर मास्तर सगळ्यांदेखत तिला बोलले — ‘पाठांतर न्हाई, उतमात तेवढा हाय!’ गावात परत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. ती काय बोलणार होती? मला वाचता येत नाही, त्या पोरीनं असं सांगितलं — हे म्हणाली असती तर तिच्या पोटावरच पाय आला असता. आणि हे मला दुपारीच कळलं होतं. ती माझं नाव घेऊ शकणार नाही, हे मला ‘एवढंच’ म्हणतानाच ठाऊक होतं. हे मात्र मी माझ्या मनाशीसुद्धा फार उशिरा कबूल केलं.

सकाळी ती बैलगाडीतून गेली. आईनं तिची ओटी भरायला खण-नारळ काढून ठेवला होता. दादा म्हणाला, ‘काई नको. गावाची अब्रू घालवली तिनं.’ आई उंबऱ्याशी घुटमळली आणि आत आली. लेकीबाळीसारखी उतरलेली बाई रिकाम्या ओटीनं गेली. त्या खणाची आईनं पुढं मला चोळी शिवली. मी ती घातली.

रेडिओवरच्या त्या मुलाखतीनंतर दादा मुद्दाम भऱ्याहून भूगावला आला. ‘तूच वाचून दावलं व्हतंस व्हय? मग ती इसरली कशी गं?’ मी म्हणाले, ‘विसरली असेल.’ तो मान हलवत चहा प्यायला.

पण ती विसरली नव्हती. जिला एकदा ऐकलेलं अख्खं पान पाठ व्हायचं, ती माझं ‘एवढंच’ विसरेल? सामानाची यादी विसरेल? त्याच रात्री, प्रॉम्प्टरनं पहिला तुकडा सांगितला तेव्हाच तिला सगळं कळलं असणार. तरी तिनं साऱ्या मुलखाला ऐकू जाईल असं सांगितलं की चूक माझी. का सांगितलं? मला वाचवायला? का मी ऐकत असेन, म्हणून? का तिला खरंच माझ्या वाचण्यानं काही दिलं होतं, आणि ते तिला त्या ढेकळापेक्षा मोठं वाटलं? विचारता आलं असतं. पुण्यात तिचं नाटक लागलं की हे म्हणायचे, चल, भेटून येऊ, तिला आनंद होईल. मी कधी लेकीच्या तापाचं निमित्त काढलं, कधी माझ्या कंबरेचं. एकदा तर तिनंच कुणाबरोबर तरी निरोप धाडला, इंदूला घेऊन या, डोळे भरून बघायचंय. मी गेले नाही. भीती वाटली गं. ती रागावेल याची नाही. ती रागावणार नाही याची.

पुढं काही वर्षांनी ती गेली. पेपरात फोटो आला. आमच्या आळीतल्या बायका भेटायला आल्या, घरात कुणी गेल्यावर येतात तशा. माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘तुमची चेली गेली हो.’ मी रडले. खरंखुरं रडले. त्यांनी मला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, आणि मी तो फिरवू दिला.

एवढी माणसं बसली होती. तेव्हा तरी बोलायचं होतं. मी नाही बोलले. तिला वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं, म्हणून त्या दुपारी मला ते करता आलं.