विहाराच्या हॉलमधून कोरियाची मीटिंग

दक्षिण कोरियातल्या एका खेडवळ तालुक्यात इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांनी मला आपली समन्वयक निवडलं, तेव्हा मी बाथरूममध्ये होते.

निवड एकमताने झाली. खोलीत तेरा जण होते आणि त्यांच्यातल्या एकालाही हे काम नको होतं. मी हात पुसत बाहेर आले तर टाळ्या. काम म्हणजे काय, तर नवीन शिक्षकांना कुठली बस धरायची आणि ओला कचरा कुठल्या पिशवीत टाकायचा ते सांगायचं, आणि कुणाचा गीझर बिघडला की शिक्षण कार्यालयातल्या ओह मॅडमना फोन करायचा. (ओह हे त्यांचं आडनाव आहे. मी दोन महिने समजत होते की बाईंना प्रत्येक वेळी धक्काच बसतो.)

हे सगळं मी आईला फोनवर एका वाक्यात सांगितलं, "मला लीडर केलंय." ते वाक्य बदलापूर गावातून निघून अंबरनाथला काकांकडे पोचेपर्यंत मी कोरियाची शिक्षणप्रमुख झाले होते.

फेब्रुवारीत सुट्टीवर घरी आले तर विहाराच्या हॉलमध्ये माझा सत्कार ठरलेला. शुक्रवारी, सकाळी अकराला. बॅनरसुद्धा छापून आला होता, उल्हासनगर कॅम्प एकच्या एका सिंधी काकांकडून. त्यात मला इतकं गोरं केलं होतं की शेजारच्या शोभामावशींनी विचारलं, "आणि आपल्या पोरीचा फोटो कुठाय?"

मी म्हटलं, "आई, शुक्रवारी साडेदहाला माझी ऑनलाइन मीटिंग आहे. मार्चमध्ये रुजू होणारे पाच नवीन शिक्षक असणारेत."

"मग अर्ध्या तासात उरक ना."

"तासाभराची आहे. आणि ओह मॅडम बसणारेत."

हे गमतीचं नव्हतं. आदल्या वर्षी दोन शिक्षक मध्येच नोकरी सोडून गेले होते. यंदा कुणी गळालं, तर डोंगरातल्या लहान शाळांचे इंग्रजीचे तास बंद करावे लागतील, असं मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मी आठवडाभर खपून बेचाळीस स्लाइड्स केल्या होत्या. त्यातल्या सतरा कचऱ्यावर.

शुक्रवारी सव्वादहाला लाइट गेली. दर शुक्रवारी दुरुस्तीसाठी जातेच, मीच कोरियात राहून विसरले होते. वायफाय गेलं, मोबाइलच्या नेटवर माझा स्वतःचाच चेहरा चौकोनाचौकोनाचा दिसायला लागला.

"हॉलमध्ये इन्व्हर्टर आहे," आई म्हणाली. "वायफायपण आहे. चल, अकरापर्यंत कुणी येत नाही."

आपल्याकडे अकराच्या कार्यक्रमाला लोक बाराला येतात, हा माझाही अनुभव. त्या दिवशी मात्र माणसं दहा चाळीसलाच यायला लागली. मी बॅनरखाली टेबलावर लॅपटॉप ठेवून "नमस्कार, मी तुमची..." इथवर आले होते, तोच मागून आवाज आला, "हॅलो, चेक, माइक चेक." पडद्यावरचे पाचही जण दचकले. ओह मॅडमनी कानातला इअरफोन काढून तपासला.

बस नंबर सांगून होईपर्यंत हॉल भरला. आई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मी कचऱ्याच्या चौथ्या स्लाइडवर असताना विहाराच्या अध्यक्षकाकांनी मागून येऊन माझ्या खांद्यावर शाल घातली.

"काका, मीटिंग चालू आहे," मी कुजबुजले.

"चालू दे की. मला साडेअकराला जांभूळ गावी लग्नाला जायचंय."

टाळ्या पडल्या. पडद्यावर एकाने भीतभीत टाळ्या वाजवल्या. मी शाल सावरत म्हटलं, "तर अंड्याची टरफलं ओल्या कचऱ्यात टाकायची नाहीत." तेवढ्यात न्यूझीलंडची नोरा, वय वर्षं बावीस, रडायला लागली.

तिला कोरियात मिळालेल्या गावातल्या शाळेत बारा मुलं होती आणि दिवसाला दोनच बस. ती म्हणाली, "सॉरी, मला नाही जमणार हे. मी एकटी कधी राहिलेलीच नाही." ओह मॅडमचा चेहरा उतरला. मी घाईघाईने 'मानसिक आरोग्य' नावाची स्लाइड शोधू लागले, ती सदतिसावी होती.

माझ्या आईने तीस वर्षं अंगणवाडी चालवली. रडणारं माणूस दिसलं की तिला परवानगी लागत नाही. तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"बेटा, यू क्राय. नो प्रॉब्लेम. माय डॉटर ऑल्सो क्राय. थ्री मंथ क्राय. डेली फोन, डेली क्राय."

"आई, बस ना."

"थांब गं, बोलतेय ना मी."

नोराने डोळे पुसले. "मग तिने काय केलं?"

"शी मेक भाकरी. भाकरी बर्न. फुल धूर. अलार्म! शेजारची आजी कम, बकेट घेऊन. पूर्ण पाणी ऑन माय डॉटर."

"आई, तसं नव्हतं, थोडंच पाणी..."

"चिंब भिजली होती," आईने हॉलकडे वळून मराठीत सांगितलं. साठ बायका हसल्या. शोभामावशींनी पडद्यापुढे वाकून बादलीचा अभिनयही करून दाखवला. "देन आजी गिव्ह टॉवेल, गिव्ह सूप. नाऊ आजी बेस्ट फ्रेंड. यू ऑल्सो गो नेक्स्ट डोअर. आजी एव्हरीव्हेअर."

मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर आईने माझ्याकडे न बघता माझ्या मांडीवर हात ठेवला. लहानपणी पाहुण्यांसमोर ठेवायची तसा.

नोरा रडता रडता हसत होती. मग एकेकाने आईला प्रश्न विचारले आणि आईने सगळ्यांना उत्तरं दिली, मला माहीत नसलेल्या गोष्टींचीसुद्धा. कचऱ्याच्या तेरा स्लाइड्स तशाच राहिल्या. शेवटी ओह मॅडम खुर्चीतून उठून आईला कमरेत वाकल्या. आईने "जय भीम" म्हणून हात जोडले. मागून साठ बायका "जय भीम" म्हणाल्या, आणि माइक चालूच असल्यामुळे ते कोरियात फारच जोरात ऐकू गेलं.

मार्चमध्ये पाचही जण आले. नोराही आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने शेजारच्या आजीचं दार वाजवलं. मला हायसं वाटलं.

मग नव्या शिक्षकांनी त्या मीटिंगनंतर लगेच निनावी भरलेले अभिप्रायाचे फॉर्म आले. ओह मॅडमसमोर बसून ते मोठ्याने वाचून दाखवायचे होते, आणि समन्वयक म्हणून ते काम माझंच. पहिला फॉर्म मी उत्साहाने वाचायला घेतला, "मीटिंग फारच छान झाली. समन्वयक बाई अनुभवी आणि प्रेमळ आहेत. फक्त त्यांच्या शेजारी शाल पांघरून बसलेली सहायक मुलगी त्यांना सारखी मध्येमध्ये अडवत होती. पुढच्या वेळी तिला बाहेर बसवावं."