जिभेवर पारखलेलं ग्राफिक्स कार्ड

माझं ग्राफिक्स कार्ड घरमालकीण मावशींनी चाटून निवडलं. उपकार आधीच सांगून टाकतो, बाकीचं त्यामानानं साधं आहे.

मी वाशिमकडचा, आठवीत शाळा सोडलेला. न्हावा शेव्याच्या एका यार्डात गेटवर बसून दिवसभर ट्रेलर आत-बाहेर सोडतो. संध्याकाळी खोलीवर येऊन पुन्हा ट्रकच चालवतो, कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये. कारण गावाकडून धाकटा भाऊ दुसरा ट्रक घेऊन येतो आणि आमच्या सगळ्या गप्पा त्या रस्त्यातच होतात. गेम नवा झाला आणि माझ्या जुन्या कार्डानं मान टाकली. भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, मी किती दिवस धाब्यावर एकटाच उभा राहू?"

दुकानात एकट्यानं जायचा धीर होईना. मावशी म्हणाल्या, "चल, मी येते."

दुकानदारानं वापरलेली दोन कार्डं काढली, एकाच किमतीची. एक तीन पंख्यांचं, खोका सीलबंद. दुसरं दोन पंख्यांचं, उघडंच, कळकट. आमच्या गेटवर कंटेनरचं सील शाबूत असलं की माल आत. उघडून बघायचं नसतं. मी सवयीनं सील तपासलं, त्याचा नंबरही लिहून घेतला आणि म्हणालो, "ठीक आहे, हेच द्या."

"ठीक काय? उघड आधी! मासली घेताना कल्ला न्हाय बघत?"

मावशींचं आयुष्य मिठागरात गेलं. पाणी किती दाटलं, ते त्या जिभेवर घेऊन सांगायच्या. त्यांनी सील फोडून तीन पंख्यांचं कार्ड तोंडाजवळ नेलं आणि मागच्या पत्र्याला जीभ लावली.

दुकानदार पुढं वाकून बघू लागला.

"खारट हाय. खाडीचं पानी प्यालंय ह्यानं."

"मावशी, चांगलं दोनदा धुतलंय ते!" दुकानदार बोलला आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून बसला.

त्यांनी दुसरंही चाटलं. "ह्यानं नुसती धूळ खाल्लीय. घे."

शेजारचा गिऱ्हाईक पुढं झाला. "मावशी, माझी रॅम पण बघता का?"

भावाला फोन लावला. तो म्हणाला, "दोन पंख्यांचंच घे. मोठ्याला पॉवर सप्लायपण नवा लागला असता."

त्या संध्याकाळी गेममधल्या धाब्यावर त्याच्या ट्रकनं भोंगा वाजवला. मावशी माझ्या खुर्चीमागं उभ्या होत्या. "हाच व्हय तुझा भाऊ? आनि समुद्र कुठं हाय तुमच्याकडं?"

समुद्र नसलेलं गाव त्यांनी पाहिलेलंच नाही. मावशी, एक दिवस तुम्हाला खऱ्या गाडीनं आमच्या घरी नेणार. आमच्या विहिरीचं पाणी चाखा, दाराची कडीसुद्धा चाटून बघा. कुणी हसणार नाही, हे मी आईला आत्ताच सांगून ठेवलंय.